‘साभार’ लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली असं नाही

नेटवरून फोटो उचलायचा आणि खाली ‘साभार’ लिहायचं, एवढ्याने काम भागतं असं अनेकांना मनापासून वाटतं. पण श्रेय देणं वेगळं आणि परवानगी घेणं वेगळं. फोटो काढला किंवा लेख लिहिला की त्यावरचा कॉपीराइट आपोआप निर्माण होतो. १८८६ च्या बर्न कराराच्या (कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) आजच्या रूपात त्यासाठी नोंदणीची अट नाही, त्यामुळे © हे चिन्ह दिसलं नाही म्हणून ते चित्र मोकळं आहे असं समजू नका.

सरळ मार्ग म्हणजे निर्मात्याला विचारणं. कुठे, किती काळ आणि पैसे कमावण्यासाठी वापरणार का, हे लिहून कळवा आणि उत्तर जपून ठेवा. तोंडी होकार पुढे सिद्ध करणं फार अवघड जातं. विचारणं शक्य नसेल तर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याची, म्हणजे निर्मात्याने ठरावीक अटींवर वापरायला आधीच परवानगी दिलेली चित्रं शोधा, मात्र परवान्यातली अक्षरं नीट वाचा. ‘एनसी’ असेल तर व्यावसायिक वापर नाही, ‘एनडी’ असेल तर बदललेली आवृत्ती प्रसिद्ध करायची नाही. ‘बीवाय’ असेल तर श्रेय द्यायलाच हवं.

कल्पनेवर मात्र कॉपीराइट नसतो. तोच विषय घेऊन तुम्ही स्वतः नवा फोटो जरूर काढा.