लस दिलेल्या बाळाला डांग्या खोकला झाला? या चुका टाळा

"पेंटाचे तिन्ही डोस झालेत, कार्डावर तारखा आहेत, मग डांग्या खोकला होईलच कसा?" हा प्रश्न घरातले विचारतात, कारण पेंटा म्हणजे पेंटाव्हॅलंट लसीत डांग्या खोकल्याचाही घटक असतो. कधी कधी डॉक्टरही ते कार्ड बघून दुसऱ्या कारणांकडे वळतात. या घोळात उपचाराचे सगळ्यात मोलाचे दिवस निघून जातात. लस घेतलेल्या बाळाला डांग्या खोकला होऊ शकतो, आणि झाला म्हणजे लस वाया गेली असंही नसतं. लसीमुळे बहुतेक वेळा आजार सौम्य राहतो, लवकर आवरतो, जिवावर बेतण्याची शक्यता बरीच कमी होते. पण "होणारच नाही" अशी हमी कुठलीच लस देत नाही.

कार्ड बघून शंका झटकून टाकणं

सरकारी वेळापत्रकात पेंटाव्हॅलंट लस 6, 10 आणि 14 आठवड्यांना देतात. पुढे त्रिगुणी लसीचा (डीपीटी) पहिला बूस्टर 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान आणि दुसरा 5 ते 6 वर्षांच्या वयात असतो. म्हणजे तीन महिन्यांच्या बाळाचं लसीकरण वेळेवर चाललं असलं, तरी त्याचे अजून दोनच डोस झालेले असतात आणि संरक्षण अर्धवट असतं. सगळे डोस झाल्यावरही ते वर्षागणिक ओसरत जातं. खाजगी दवाखान्यात मिळणाऱ्या 'पेनलेस' लसीने ताप कमी येतो, पण तिचं संरक्षण जुन्या प्रकारच्या लसीपेक्षा लवकर ओसरतं. ती दिली म्हणून आईवडिलांनी मनाला लावून घेऊ नये. खोकला लांबला की ही गोष्ट लक्षात असावी, इतकंच.

पहिला आठवडा-दोन आठवडे हा आजार साध्या सर्दीसारखाच असतो. नाक वाहतं, थोडा खोकला, ताप नाही किंवा अगदी नावापुरता. मुंबईत पाऊस सुरू झाला किंवा शेजारच्या इमारतीचं पाडकाम निघालं की सगळीच मुलं खोकतात, त्यामुळे कुणाला वेगळं काही वाटत नाही. मग उबळ सुरू होते. बाळ एका दमात खोकतच राहतं, चेहरा लालबुंद किंवा निळसर होतो, शेवटी ओकारी होते. श्वास आत घेताना येणारा तो ओळखीचा 'हूप' आवाज लहान बाळांमध्ये आणि लस घेतलेल्या मुलांमध्ये बऱ्याचदा येतच नाही. सहा महिन्यांखालचं बाळ खोकण्याऐवजी काही सेकंद श्वासच घेत नाही, असंही होतं. आवाज नाही म्हणून डांग्या नाही, असं मानू नका.

रिकाम्या हाताने डॉक्टरांकडे जाणं

दोन उबळींच्या मधे बाळ हसतं-खेळतं असतं. ओपीडीत तुमचा नंबर येतो तेव्हा नेमकं ते शांत असतं, डॉक्टर छातीला नळी लावतात, छाती साफ. "व्हायरल आहे, बरं होईल." म्हणून उबळ आली की घरातल्या दुसऱ्या कुणीतरी मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढावा. शंभर शब्दांत सांगून जे पटत नाही ते वीस सेकंदांत दिसतं. सोबत एका कागदावर लिहून न्या: खोकला कधी सुरू झाला, रात्रीत किती उबळी आल्या, कितीदा ओकारी झाली, घरात आणखी कोण खोकतंय. आणि सरळ विचारा, "डॉक्टर, हा डांग्या असू शकतो का?" असं विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

नाकाच्या मागच्या भागातून स्वॅब घेऊन पीसीआर तपासणी करतात. खोकल्याच्या पहिल्या तीन आठवड्यांत ती जास्त विश्वासार्ह असते. ॲन्टिबायोटिक सुरू झाल्यावर किंवा उशिरा केली तर आजार असूनही निगेटिव्ह येऊ शकते. रक्तपेशींच्या मोजणीत (सीबीसी) लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या दिसल्या तर तीही खूण असते. शंका दाट असेल तर डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करतात, आणि लहान बाळाच्या बाबतीत ते योग्यच आहे.

औषध लागू पडत नाही म्हणून डॉक्टर बदलत राहणं

इथे सगळ्यात जास्त घरं अडखळतात. ॲझिथ्रोमायसिनचा पाच दिवसांचा कोर्स होतो आणि खोकला जिथल्या तिथे. मग दुसरे डॉक्टर, दुसरं ॲन्टिबायोटिक, नेब्युलायझर भाड्याने, तिसरं सिरप. बाळ थकतं, घर थकतं, पैसा जातो.

औषध काम करत नाही असा त्याचा अर्थ नसतो. श्वासनळीच्या आतल्या बाजूला बारीक केसांसारखे तंतू असतात. झाडूने केर लोटावा तसा ते कफ वर लोटतात. डांग्याचे जिवाणू जे विष सोडतात त्याने हे तंतू निकामी होतात. ॲन्टिबायोटिक जिवाणू मारतं, दुसऱ्यांना होणारी लागण थांबवतं, पण झालेली नासधूस भरून यायला आठवडे लागतात. पहिल्या सर्दीच्या दिवसांतच औषध मिळालं तर आजार सौम्य होऊ शकतो. उबळ सुरू झाल्यावर दिलं तर खोकल्यात फारसा फरक दिसत नाही. उबळींचे दिवस सहा, कधी दहा आठवड्यांपर्यंत चालतात. पुढे काही महिन्यांनी साधी सर्दी झाली तरी तसाच खोकला परत उठतो. तेव्हा घाबरू नका, तो नवा डांग्या असेलच असं नाही.

खोकल्याची सिरपं, स्टेरॉइड, दम्याची वाफ यांचा डांग्यावर उपयोग होत असल्याचं सिद्ध झालेलं नाही. मध्य प्रदेशात छिंदवाड्यात दूषित सिरपमुळे मुलं दगावल्यावर ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने पुन्हा स्पष्ट सूचना काढली: दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची सिरपं देऊ नयेत. तरीही मेडिकलवाल्याला विचारून बाटली आणणं थांबलेलं नाही. कृपा करून आणू नका.

धुरी, कापूर, मध आणि गाढविणीचं दूध

आजी हे मायेपोटी करतात, हे आधी मान्य करू. पण चाळीतल्या किंवा झोपडपट्टी पुनर्वसनाच्या (एसआरए) इमारतीतल्या एका खोलीत ओवा-वावडिंगाची धुरी दिली की धूर जायला जागा नसते, आणि डांग्याची उबळ उठवायला धूर पुरेसा होतो. मच्छर अगरबत्ती, धूप, फोडणीचा खाट, बाल्कनीतली सिगरेट यांचंही तेच. तितके आठवडे हे सगळं बंद. कापूर पोटात गेला तर बाळाला झटके येऊ शकतात, छातीला चोळायचे बामही दोन वर्षांखाली वापरू नयेत. एक वर्षाच्या आत मध बोटभरही चाटवायचा नाही, त्यातून बॉट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते. गल्लीत गाढवीण घेऊन येणाऱ्यांकडचं दूध डांग्यावर रामबाण समजलं जातं. त्याने आजार बरा होत नाही, उलट कच्च्या दुधातून नवे जंतू पोटात जातात.

नुसतं "आई, हे करू नका" म्हटलं की वाद होतो. त्यापेक्षा त्यांच्यावर खरं काम सोपवा. दिवसभरात किती लंगोट ओले झाले आणि ओकारीनंतर किती दूध पोटात राहिलं, याचा हिशेब आजीइतका चोख कुणी ठेवत नाही.

उबळ आली की बाळाला उचला, मांडीवर बसवून किंचित पुढे झुकवा, अगदी तान्हं असेल तर कुशीवर धरा. पाठीत थापट्या नकोत, उलटं धरायचं नाही, घशात बोट घालायचं नाही, पाणी पाजायचं नाही. ओकारी झाली तर पंधराएक मिनिटांनी, बाळ निवांत झाल्यावर पुन्हा थोडं पाजा. एकदम पोटभर पाजण्यापेक्षा थोडं थोडं, जास्त वेळा. अंगावरचं दूध चालूच ठेवा.

फक्त बाळावर उपचार करणं

तान्ह्या बाळाला डांग्या बहुतेक वेळा घरातूनच लागतो. बाबांचा खोकला लोकलच्या गर्दीच्या नावावर जातो, दादाचा शाळेच्या. मोठ्यांमध्ये हा आजार नुसता लांबलेला खोकला म्हणून अंगावर काढला जातो. बाळाचं निदान झालं की घरातल्या सगळ्यांना प्रतिबंधक ॲन्टिबायोटिक हवं का, हे डॉक्टरांना त्याच भेटीत विचारा. पाळणाघराला आणि दादाच्या शाळेला कळवा. औषधाचे पाच दिवस पूर्ण होईपर्यंत रुग्णाने वेगळं राहावं, औषध घेतलं नसेल तर खोकला सुरू झाल्यापासून तीन आठवडे.

घरात कुणी गरोदर असेल तर तिच्या डॉक्टरांना नक्की सांगा. 27 ते 36 आठवड्यांत टीडॅप लस घेतली की आईची प्रतिकारशक्ती बाळाला जन्माआधीच मिळते. सरकारी केंद्रात गरोदरपणी मिळणाऱ्या टीडी लसीत डांग्याचा घटक नसतो, तेव्हा नाव नीट बघून घ्या.

सकाळपर्यंत थांबणं

ओठ किंवा जीभ निळी पडली, श्वास थांबला, बाळ लुळं पडलं, झटका आला, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डे पडू लागले, सहा-आठ तास लंगोट ओला झाला नाही, किंवा मधेच जोराचा ताप आला, तर त्याच क्षणी निघा. जोराचा ताप डांग्याचा नसतो, न्यूमोनिया असू शकतो. दोन महिन्यांखाली मिनिटाला 60 आणि एक वर्षापर्यंत 50 किंवा त्याहून जास्त श्वास हीसुद्धा धोक्याची खूण आहे. तीन महिन्यांखालच्या बाळाला डॉक्टर बहुधा दाखलच करतात. त्याला विरोध करू नका, तिथे लागेल तेव्हा ऑक्सिजन लावता येतो.

कुठे जायचं हे रात्री दोन वाजता ठरवू नका. परळचं वाडिया, शेजारचं केईएम, सायन, नायर, या रुग्णालयांपैकी जवळचं कुठलं आणि तिथे अपघात विभागाचं दार कुठे, हे दिवसाच बघून ठेवा. रुग्णवाहिकेचा 108 क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या.

पुढची लस सोडून देणं

"एकदा झाला, आता परत काय होणार" आणि "लसीने काय उपयोग झाला" ही दोन वाक्यं मला सगळ्यात जास्त बोचतात. आजार होऊन गेल्यावर येणारी प्रतिकारशक्तीसुद्धा जन्मभर टिकत नाही. शिवाय त्याच सुईत घटसर्प आणि धनुर्वाताचं संरक्षण असतं. बाळ सावरलं की उरलेले डोस डॉक्टर सांगतील तेव्हा पूर्ण करा. मधे खंड पडला तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, जिथे थांबलं तिथून पुढे. दादा-ताईचं कार्डही याच वेळी काढून बघा. पाच वर्षांचा बूस्टर शाळाप्रवेशाच्या धावपळीत बऱ्याच घरांत राहून जातो, आणि तो महापालिकेच्या आरोग्य केंद्रात मोफत मिळतो.