ऑफिसातून कोणाची ओळख चोरीला जाऊ नये म्हणून काय करावं

कोणत्याही छोट्या ऑफिसात नवीन माणूस रुजू झाला की त्याच्याकडे तेच मागितलं जातं: आधार, पॅन, रद्द केलेला चेक आणि दोन फोटो. वर “व्हॉट्सॲपवर टाकून ठेवा” असंही सांगतात. एवढ्या ऐवजावर कोणी त्याच्या नावाने ॲपवरून कर्ज उचलू शकतो, सिमकार्ड घेऊ शकतो किंवा जीएसटीत बोगस फर्म उघडू शकतो. त्या माणसाला हे कळतं ते वसुलीवाल्याचा फोन किंवा आयकराची नोटीस आल्यावर. तोवर ती झेरॉक्स नेमकी कुठून बाहेर गेली हे शोधायला फार उशीर झालेला असतो.

छोट्या ऑफिसांत अशी गळती बहुतेक वेळा सवयींतून होते. त्यामुळे महागडं सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी एक दुपार काढून पुढची कामं करा.

१. आधी कुठे काय पडलंय ते बघा

कपाटातल्या फायली, टेबलाचे ड्रॉवर, स्कॅनरला जोडलेल्या कॉम्प्युटरवरचं ‘स्कॅन’ फोल्डर, अकाउंट बघणाऱ्याच्या फोनची गॅलरी, व्हॉट्सॲप ग्रुप, ईमेलचा ‘सेंट’ कप्पा, सगळं पालथं घाला. पाच वर्षांपूर्वी मुलाखतीला येऊन परत गेलेल्यांची आधारकार्डं सापडली तर नवल वाटून घेऊ नका. ज्यांचं काम संपलंय ते आधी नष्ट करा. मात्र हिशेब, पगार आणि पीएफच्या नोंदी किती वर्षं ठेवायच्या, हे सीएला विचारूनच हात घाला.

२. मागणंच कमी करा

मुलाखतीला आधार लागत नाही, गेटवरच्या रजिस्टरलाही नाही. नुसती ओळख पटवायची असेल तर मास्क्ड आधार घ्या. त्यात १२ पैकी शेवटचे ४ अंकच दिसतात आणि ते आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावरून फुकट मिळतं. पीएफसारख्या कामाला पूर्ण क्रमांक द्यावाच लागतो. तिथे झेरॉक्सवर “फक्त पीएफ नोंदणीसाठी”, तारीख आणि सही असं आडवं लिहून घ्या. लिहिलेलं फोटोच्या आणि क्रमांकाच्या कडेवरून गेलं पाहिजे. कोपऱ्यात लिहिलेलं कात्रीने सहज कापता येतं.

ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून निर्धास्त राहू नका. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष, हा त्याचा साचा जगजाहीर आहे. तुमच्या पगाराच्या एक्सेल शीटमध्ये ही दोन्ही माहिती शेजारी-शेजारीच असते.

३. कागदपत्रं एकाच दाराने येऊ द्या

व्हॉट्सॲपवर घेणं बंद करा. एकच ईमेल पत्ता किंवा एकच फोल्डर ठरवा, तो उघडायची मुभा दोघांनाच द्या आणि टू-स्टेप पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) चालू करा. पगाराची शीट सीएकडे पाठवताना फाइलला पासवर्ड लावा आणि तो फोनवर सांगा. त्याच मेलच्या खाली पासवर्ड लिहिणारे महाभाग कमी नाहीत.

४. रद्दी

जुन्या सॅलरी स्लिपा आणि बायोडेटा रद्दीवाल्याकडे किलोवर जातात आणि पुढे त्यात भेळ बांधली जाते. कागद बारीक कापणारं साधं यंत्र (श्रेडर) घ्या, नाहीतर कागद हाताने बारीक फाडा. बाहेरच्या दुकानात प्रिंट काढलीत तर तिथल्या कॉम्प्युटरवरून फाइल डिलीट करा, रीसायकल बिन रिकामा करा आणि व्हॉट्सॲप वेबमधून लॉगआउट व्हा.

५. मालकाची सही आणि ओटीपीचा फोन

कर्मचाऱ्यांच्या झेरॉक्सबद्दल निदान थोडं तरी बोललं जातं. मालकाच्या डिजिटल सहीची गुप्त किल्ली असलेला पेनड्राइव्हसारखा यूएसबी टोकन मात्र बिनदिक्कत कर सल्लागाराच्या ड्रॉवरमध्ये पडून असतो, अनेकदा पिन लिहिलेल्या स्टिकरसकट. त्या टोकनने केलेली सही कायद्याने तुमचीच धरली जाते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४२ सांगतं की ती किल्ली ताब्यात ठेवायची काळजी ज्याची सही त्यानेच घ्यायची. टोकन परत मागवा, पिन बदला, रिटर्न भरायच्या दिवशी स्वतः लावा आणि काढून घ्या. सल्लागार कुरकुर करेल, करू द्या.

दुसरं म्हणजे बँक, जीएसटी आणि पीएफच्या पोर्टलवर कोणाचा मोबाइल नंबर नोंदवलेला आहे ते तपासा. तो बहुतेकदा जुन्या अकाउंटंटचा स्वतःचा निघतो. तो नोकरी सोडून गेला, तरी ओटीपी त्याच्याकडेच जात राहतात! कंपनीच्या नावावर एक सिम घ्या आणि सगळीकडे तोच नंबर लावा.

६. “साहेबांचा मेसेज आलाय”

सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये कंपनीचे प्रमुख अदर पूनावाला यांच्या नावाने व्हॉट्सॲप मेसेज आले आणि कंपनीचे सुमारे १ कोटी १ लाख रुपये भामट्यांच्या खात्यांत गेले. एवढ्या मोठ्या कंपनीत हे घडू शकतं, तर आपल्याकडे का नाही? डीपी आणि नाव कोणीही लावू शकतो. म्हणून नियम करा: नवीन खात्यात पैसे पाठवायचे तर आधीपासून सेव्ह असलेल्या नंबरवर फोन करून विचारायचं. नेटबँकिंगमध्ये एन्ट्री एकाची आणि मंजुरी दुसऱ्याची ठेवा. विचारल्याबद्दल साहेबांनी चिडायचं नाही, हेही साहेबांकडूनच सर्वांसमोर वदवून घ्या. नाहीतर बाकीचे नियम कागदावरच राहतील.

७. माणूस नोकरी सोडतो त्या दिवशी

ईमेल, नेटबँकिंगचा अधिकार, पोर्टलचे पासवर्ड, टॅलीचं लॉगिन, सगळं त्याच संध्याकाळी बंद करा. यात अविश्वास दाखवण्याचा प्रश्न नाही. उद्या काही गडबड झाली तर संशय त्याच्यावर येणार नाही, हे त्याच्याही फायद्याचं आहे.

८. कर्मचाऱ्यांना तपासायला शिकवा

दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती मोबाइल नंबर आहेत ते दिसतं. जीएसटी पोर्टलवर पॅन टाकून शोधलं की त्यावर कुठे नोंदणी झाली आहे ते कळतं. सिबिलसारख्या चारही क्रेडिट कंपन्यांकडून वर्षाला एक अहवाल मोफत मिळतो. आयकराच्या पोर्टलवरच्या एआयएसमध्ये (आपल्या वर्षभराच्या व्यवहारांच्या नोंदीत) आपण कधी न कमावलेलं उत्पन्न दिसतंय का, तेही बघायला सांगा. बोटांचे ठसे नेहमी लागत नसतील तर आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवता येतं.

झालंच तर

पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मग बँकेला, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत थांबवायचे असल्याने इथे मिनिटं मोजावी लागतात. आधारच्या गैरवापरासाठी १९४७ ही हेल्पलाइन आहे. कंपनीच्या यंत्रणेतून ओळखचोरी झाल्याचं लक्षात आलं तर एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला ६ तासांत कळवावं लागतं. चोरावर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-सी लागतं, ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. माहिती नीट न सांभाळणाऱ्या संस्थेसाठी २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे.

आणि ज्याची कागदपत्रं गेली, त्या कर्मचाऱ्याला त्याच दिवशी सांगा. कंपनीची अब्रू जाईल म्हणून आठवडाभर गप्प बसलात, तर त्या आठवड्यात त्याच्या नावावर आणखी दोन कर्जं निघालेली असतील.