कुडझू, विदारीकंद आणि आपली घाई: या चुका टाळा

पावसाळा सरत आला की माझ्याकडे दोन प्रकारची मंडळी येऊ लागतात. एक म्हणजे आमच्या तालुक्याच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी, ज्यांना प्रकल्पासाठी काहीतरी नवे हवे असते. दुसरे म्हणजे आसपासच्या गावांतील शेतकरी, ज्यांच्या धुऱ्यावरच्या बोरी-बाभळी एखाद्या वेलीने पार झाकून टाकलेल्या असतात. अलीकडे दोघांच्याही तोंडी अमेरिकेत माजलेल्या कुडझू या वेलीचे नाव असते, कारण ते मोबाइलमधील अ‍ॅपने सांगितलेले असते आणि पुढचे सगळे अमेरिकेतील व्हिडिओंनी शिकवलेले असते. कुडझूवरचे संशोधन वाचण्यासारखे आहे यात शंका नाही. मात्र ते वाचून इथल्या रानात ज्या चुका होतात त्या दरवर्षी त्याच असतात, आणि त्या तोंडी सांगून सांगून मी कंटाळलो आहे.

तीन पाने दिसली की कुडझू म्हणणे

कुडझू ही चीन, जपान, कोरिया या भागातील शेंगवर्गीय वेल असून तिचे शास्त्रीय नाव प्युरेरिया मोंटाना, प्रकार लोबाटा असे आहे. विदर्भात ती मी अजून कुठेही पाहिलेली नाही. मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या रानात नाल्याच्या उतारावर जी जाड वेल सापडते, तो तिच्याच भावकीतला विदारीकंद, म्हणजे प्युरेरिया ट्यूबरोसा, असण्याची शक्यता अधिक. शिवाय तीन पर्णिकांचे पान पळसवेलीला असते, खाजकुहिरीला असते आणि घरच्या वालालाही असते. परसातल्या वालाचा फोटो ‘आक्रमक कुडझू’ या मथळ्याखाली प्रकल्पाच्या मुखपृष्ठावर छापलेला मी पाहिला आहे.

फरक ओळखणे अवघड नाही, फक्त वेलीजवळ थांबावे लागते. कुडझूच्या पर्णिका पुष्कळदा दोन-तीन खंडांच्या असतात, कोवळ्या वेलीवर तपकिरी लव असते, आणि जांभळी, द्राक्षांच्या वासाची फुले जुलै ते सप्टेंबरच्या सुमारास, पाने भरात असताना येतात. विदारीकंद मात्र फुलतो तो उन्हाळा लागताना, आणि तेव्हा वेलीवर बहुधा पान नसते. म्हणजे पान आणि फूल एका फांदीवर मिळत नाही, आणि एकाच फेरीत नमुना गोळा करून मोकळे होणाऱ्याच्या हाती अर्धीच ओळख लागते. माझी सवय अशी आहे की पावसाळ्यात वेल सापडली की तिच्या बुंध्याला रंगीत चिंधी बांधायची, पानांचा नमुना वर्तमानपत्रात दाबून ठेवायचा, आणि शिमग्याच्या सुमारास त्याच चिंधीपाशी जाऊन फुले काढायची. विद्यार्थ्यांना हे पटत नाही, कारण त्यांना प्रकल्प त्याआधीच सादर करायचा असतो. तसे असेल तर विषय बदलावा, वेलीचे नाव बदलू नये.

एका वेलीचे संशोधन दुसऱ्या वेलीच्या चूर्णाला चिकटवणे

या चुकीवर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण तिची किंमत गुणपत्रिकेत नव्हे, घरात मोजली जाते. वर्धा जिल्ह्यात 1970 च्या दशकाच्या मध्यापासून आणि गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, तरीही दारूने पोखरलेली घरे दोन्हीकडे आहेत, आणि आठवडी बाजारात दारू सोडवणारे चूर्ण विकणारा माणूस नेमका अशाच घरातील बाईला हेरतो. आमच्या एका विद्यार्थिनीने हाच विषय प्रकल्पासाठी घेतला. तिने आणलेल्या पुडीवर ‘अमेरिकेत सिद्ध झालेली वेल’ असे छापलेले होते, आणि पुडीसोबत विक्रेत्याकडून मिळालेले वाळक्या कंदाचे काप होते. वाळक्या कापांवरून नाव सांगणाऱ्यांपैकी मी नाही. कंद जिथून खणला जातो तिथली ओली वेल, पान आणि फुलासह आण, असे मी तिला सांगितले. तिच्या मामाने कंद खणणाऱ्याला गाठले आणि पावसाळ्याच्या अखेरीस ती वेल घेऊन आली. पान अखंड, पण पंजासारखे पाच-सात खंडांत विभागलेले. फूल नरसाळ्याच्या आकाराचे, गुलाबी-जांभळे. देठ मोडताच पांढरा चीक बोटांवर आला. ती क्षीरविदारी होती, आयपोमिया मॉरिशियाना, म्हणजे रताळ्याच्या कुळातील वेल. शेंगवर्गाशी तिचा काही संबंध नाही, मग कुडझूशी कुठून असणार? आणि कुडझूतील ज्या डेडझिन, प्युरॅरिन या द्रव्यांवर अमेरिकेत काम झाले, त्यांचा पुरावा म्हणून तो कंद पुढे करण्यात काय अर्थ आहे? मुलीने प्रकल्पाचे शीर्षक बदलून जे सापडले ते प्रामाणिकपणे लिहिले, तर परीक्षकांनी ‘निष्कर्ष नकारात्मक’ म्हणून तिचे गुण कापले. त्या पानावरचा शेरा मी अजून विसरलेलो नाही.

बरे, पुडीत खरोखर कुडझू असती तरी काय झाले असते? 1993 मध्ये हार्वर्डच्या विंग मिंग क्युंग आणि बर्ट व्हॅली यांनी दाखवले की कुडझूतील डेडझिन दिल्यावर सीरियन सोनेरी हॅमस्टर हे उंदरासारखे प्राणी मद्यार्क कमी पितात. हे द्रव्य शरीरातील अल्डिहाइड डिहायड्रोजिनेज-2 हे मद्यार्क पचवण्याच्या कामातले विकर (एन्झाइम) रोखते, एवढे त्या प्रयोगांच्या मालिकेतून पुढे आले. (विद्यार्थ्यांच्या वहीत याचे ‘यकृत शुद्ध होते’ असे रूपांतर कोण करते, हे शोधून काढायला हवे.) 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दारूचे व्यसन असलेल्या रुग्णांना कुडझूच्या मुळाचा अर्क 1.2 ग्रॅम, दिवसातून 2 वेळा, महिनाभर दिला गेला. दारूची ओढ आणि दारूपासून दूर राहणे या दोन्ही बाबतींत अर्क आणि निष्क्रिय गोळी यांत फरक आढळला नाही. 2005 मध्ये मॅक्लीन हॉस्पिटलच्या स्कॉट लुकास यांनी भरपूर पिणाऱ्या 14 जणांना 7 दिवस अर्क दिला आणि मग प्रयोगशाळेत त्यांच्यापुढे बिअर ठेवली. ते लोक कमी प्याले, घोट लहान झाले, ग्लास संपायला वेळ जास्त लागला. या लोकांना व्यसन सोडायचे नव्हते आणि प्रयोगाने कोणाचे सुटलेही नाही. दारू कमी पिणे आणि दारू सुटणे यांतले अंतर व्यसनी माणसाच्या बायकोला कोणत्याही शास्त्रज्ञापेक्षा जास्त ठाऊक असते. तिला चूर्ण विकणारा ते अंतर झाकतो. शिवाय रोज पिणाऱ्याची दारू एकदम थांबवली तर झटके आणि भ्रम होऊन जीव धोक्यात येऊ शकतो. म्हणून चूर्णाचे पैसे वाचवून माणसाला आधी सरकारी दवाखान्यात न्यावे.

वेलीचा जीव कुठे आहे हे न पाहता कोयता किंवा पंप उचलणे

कुडझूचा कंद जमिनीत खोल जातो आणि जुन्या कंदाचे वजन 100 किलोच्या वर गेल्याच्या नोंदी आहेत. हे वाचून नवशिक्यांचे दोन गट पडतात. एक गट ‘इतके कोण खणणार’ म्हणून वरची वेल सपासप कापतो, दुसरा थेट फवारणीवर येतो. दोघांनीही संशोधनातील मुख्य मुद्दा वाचलेला नसतो. कुडझूला नवे फुटवे येतात ते मुळाच्या माथ्यावर, जमिनीलगत असलेल्या गाठीतून. ती गाठ पूर्ण काढली तर खालचा कंद पुन्हा फुटत नाही. सगळा कंद खणण्याची गरजच नाही. मात्र वेल जमिनीला जिथे टेकते तिथे पेरांना मुळे फुटून नव्या गाठी तयार होतात, त्यामुळे एक मोठी गाठ काढून हात झटकणाऱ्याला पुढच्या पावसात दहा लहान गाठी भेटतात. अमेरिकी वनसेवेतील जेम्स मिलर यांनी कुडझूवरील तणनाशकांचे बरेच काम केले; जुना पसारा संपवायला पुन्हा पुन्हा उपचार करीत 10 वर्षेही लागू शकतात असे ते काम सांगते. एका फवारणीत वेल मारून दाखवणारे व्हिडिओ तिसऱ्या आठवड्यानंतर काय झाले ते दाखवत नाहीत.

आमच्या शेजारच्या गावात घडलेली गोष्ट सांगतो. एका तरुण शेतकऱ्याच्या धुऱ्यावर खाजकुहिरी माजली होती. अ‍ॅपने तिला कुडझू ठरवले आणि व्हिडिओने तणनाशक सुचवले. ते तणनाशक मिळाले नाही, तेव्हा जवळच्या कृषी केंद्रातून गव्हातील रुंद पानांच्या तणासाठीचे टू-फोर-डी आणले आणि भर दुपारी, वारा सुटलेला असताना, वेलीवर मारले. दुसऱ्या दिवशी तोच पंप नुसता पाण्याने विसळून त्यातून कपाशीवर तुडतुड्यांचे औषध फवारले. कपाशीला टू-फोर-डीचा अंशही सोसत नाही. काही दिवसांत पऱ्हाटीची नवी पाने भेंडीच्या पानासारखी अरुंद आणि चिरलेली येऊ लागली, शेंडे वाकले, पात्या गळल्या. धुऱ्यालगतच्या ओळींना वाऱ्याने नेलेले औषध लागले होते आणि उरलेल्या वावराला पंपाने. तो माझ्याकडे आला तो ‘नवीन रोग’ घेऊन, आणि बियाणे बोगस निघाले अशी तक्रार लिहूनच आला होता. सर्वांत वाईट म्हणजे ही सगळी मेहनत अनाठायी होती: खाजकुहिरी एका हंगामाची वेल आहे, थंडी सरता सरता ती आपोआप वाळते, आणि तिचा पुढचा जन्म मुळात नसून शेंगेत असतो. शेंगा धरण्यापूर्वी, म्हणजे फुले लोंबू लागताच, ती बुडातून कापली असती तर काम एका सकाळी झाले असते.

म्हणून कोणतीही वेल मारण्याआधी मी तिच्या मागोमाग हाताने जमिनीपर्यंत जातो. बुंधा गुडघ्याच्या उंचीवर कापतो, झाडावरची वेल तशीच वाळू देतो, कारण ओढून काढताना झाडाच्या फांद्या मोडतात. मग नवे फुटवे येण्याची वाट पाहतो. फुटवा जिथून येतो तिथेच गाठ असते. सब्बलीने गाठीच्या खाली वार करून ती उचकटतो आणि दगडावर किंवा काटेरी फांदीवर उलटी टाकून उन्हात वाळवतो. ओल्या मातीवर टाकून दिलेली बेशरम या झुडपाची फांदी पुन्हा कशी रुजते हे विदर्भात कोणाला सांगण्याची गरज नाही. तणनाशक मारायचेच असेल तर त्याचा पंप वेगळा ठेवावा आणि त्यावर रंगाने खूण करावी. त्या पंपातून पिकावर काहीही फवारू नये. वारा, दुपार आणि उघडे अंग टाळावे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावल्यानंतरही हे सांगावे लागते.

आणि वेल विदारीकंदाची असेल तर मारूच नये. ती इथलीच आहे, औषधी आहे, आणि कंदांच्या खणतीमुळे आधीच कमी होत चालली आहे. झाडावर चढलेला भाग कापला की पुरे.

माती धरून ठेवते म्हणून बी मागवणे

पाणलोटाच्या कामात कोणीतरी दरवर्षी ही कल्पना मांडतो. कुडझू माती धरते हे खरे आहे. 1876 च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात ती जपानी दालनातून अमेरिकेत पोहोचली, आणि 1930 च्या दशकात तेथील मृदासंधारण खात्याने तिची कोट्यवधी रोपे वाटून लावणाऱ्याला एकरी 8 डॉलरपर्यंत दिले. 1953 मध्ये कृषी विभागाने तिला शिफारशीतून काढले, 1970 मध्ये तण ठरवले, आणि 1990 च्या दशकाच्या अखेरीस ती संघीय उपद्रवी तणांच्या यादीत गेली. ज्या गुणामुळे तिला आणले, त्याच गुणामुळे ती नको झाली. परदेशी बी ऑनलाइन मागवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयातीला परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. उतारावर स्थानिक गवत लावावे. ते दिसायला साधे असते, म्हणून कोणाला सुचत नाही.

किरकोळ, पण नेहमीच्या

नत्र स्थिर करणारी वेल म्हणजे चांगलीच वेल, असे लिहिणे. 2010 च्या अमेरिकी अभ्यासात कुडझूखालील मातीतून नायट्रिक ऑक्साइडचे उत्सर्जन सुमारे दुप्पट आढळले, आणि तो वायू ओझोनच्या प्रदूषणात भर घालतो.

कुडझूने लाखो एकर गिळल्याचे आकडे न तपासता उतरवणे. अमेरिकी वनसेवेच्या पाहणीत कुडझू सुमारे 2 लाख 27 हजार एकर वनजमिनीवर, तर प्रिव्हेट हे दुसरे परदेशी झुडूप सुमारे 32 लाख एकरांवर आढळले. रस्त्याच्या कडेला जे जास्त दिसते ते जंगलात जास्त असतेच असे नाही.

बकऱ्या एकदा सोडून ‘जैविक नियंत्रण’ केल्याचे सांगणे. अमेरिकेतील अनुभव असा आहे की त्यांना सगळा पसारा सलग 3-4 वर्षे चारावा लागतो, आणि कुंपणापलीकडे एखादी वेल राहिली तरी ती परत येते.

मायरोथेशियम बुरशीने कुडझू मरते एवढेच लिहून, ती बुरशी विषारी द्रव्ये बनवते आणि म्हणूनच ते संशोधन जपून पुढे न्यावे लागले, हा भाग गाळणे.

शेवटची चूक सोयाबीनवाल्यांची. ‘कुडझू बग’ हा ढेकूण 2009 मध्ये अमेरिकेतील जॉर्जियात सापडला आणि कुडझूवरून सोयाबीनवर उतरला, म्हणून तो अमेरिकेतून येणार असल्याची भीती इथे पसरवली जाते. मेगाकोप्टा क्रिब्रारिया हा कीटक मूळचा आशियातलाच आहे आणि आपल्याकडे तो वालावर आढळतो. सोयाबीनवर गोल, हिरवट-तपकिरी, हात लावताच वास सोडणारा ढेकूण दिसला तर लगेच फवारणी न करता तो कोणत्या झाडावर, पानावर की खोडावर बसला होता ते टिपून घ्यावे, ज्यावर तो होता ती डहाळी त्याच्यासह झाकण असलेल्या डबीत घालावी, आणि ती डबी कृषी विज्ञान केंद्रात न्यावी.