ड्युटी चार्टचा फोटो काढून ठेवा

खासगी हॉस्पिटलात ऐनवेळी तोंडी ड्युटी बदलतात आणि नंतर 'गैरहजर' दाखवून सिस्टरला घरी बसवतात.

१. चार्ट लागला की फोटो काढा. खाडाखोड झाली की पुन्हा. पेशंटचं नाव मात्र फोटोत नको.

२. बदल तोंडी सांगितला तर इन्चार्ज सिस्टरना मेसेज टाका: 'तुम्ही सांगितल्याप्रमाणे उद्या मॉर्निंगऐवजी नाइटला येते.' एवढंच, भांडणाचा सूर नको.

३. 'उद्यापासून येऊ नका' म्हणाले तर लेखी मागा. नाहीच दिलं तर 'तुम्ही मला येऊ नका म्हणालात' असं त्याच दिवशी हॉस्पिटलला ईमेलने कळवा आणि नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा घेऊन सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय गाठा.

अनुभवाचा दाखला अडवून राजीनामा मागतात, हे नेहमीचंच. सही करू नका. राजीनामा दिल्यावर 'मला काढलं' हे सिद्ध करणं फार अवघड जातं.