मुलांची रोबोटिक्स चॅम्पियनशिप भरवताय? मग या चुका टाळा

फर्स्ट लेगो लीगसारख्या स्पर्धेत मुलांनी बनवलेला लेगोचा रोबोट टेबलवर मांडलेल्या मॉडेल्सवर ठरलेली कामं, म्हणजे मिशन, स्वतःहून करतो. त्याची एक मॅच अडीच मिनिटांची असते आणि अशा ऑफिशियल मॅच मिळतात तीन. म्हणजे ऑगस्टमध्ये सीझनचं चॅलेंज जाहीर झाल्यापासून मुलांनी शाळा सुटल्यावर थांबून, दिवाळीच्या सुट्टीत बसून, घरच्यांची बोलणी खाऊन जे काही बनवलेलं असतं ते टेबलवर दाखवायला त्यांच्याकडे एकूण साडेसात मिनिटं असतात, आणि त्यातलाही सगळ्यात चांगला एकच स्कोअर धरला जातो. मी पुण्यात आणि आसपास अशा स्पर्धांना कधी मेंटॉर म्हणून गेलोय, कधी रेफरी म्हणून उभा राहिलोय, एकदा आयोजकांच्या टीममध्येही होतो. मुलांचा रोबोट हरला तर ते मुलांनाही समजतं, पुढच्या वेळी दुरुस्त करतात, पण हॉलच्या व्यवस्थेमुळे तो हरला की त्यांच्याकडे दुरुस्त करण्यासारखं काही उरतच नाही, ते बघवत नाही. म्हणून जे लोक पहिल्या-दुसऱ्यांदा अशी चॅम्पियनशिप घेणार आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय.

टाइमटेबल कागदावर बसतं, हॉलमध्ये बसत नाही

सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो, त्यामुळे इथे जरा जास्त बोलतो. समजा २४ टीम आहेत. प्रत्येकीच्या तीन मॅच म्हणजे ७२, एका वेळी दोन टीम खेळतात म्हणून ३६ मॅच. टेबलांच्या दोन जोड्या ठेवल्या आणि एका जोडीवर मॅच चालू असताना दुसरीवर मॉडेल्स परत मांडून घेतली तर दर पाच मिनिटांनी एक मॅच सुटते, म्हणजे तीन तास. प्रॅक्टिस राउंड धरला की अजून १२ मॅच, चार तास झाले. आता जजिंग बघा, म्हणजे वेगळ्या खोलीत जजसमोर प्रोजेक्ट आणि रोबोट समजावून सांगणं. टीम साधारण अर्धा तास आत असते, नंतर जजना आपसात बोलून रुब्रिक (मार्कांचा तक्ता) भरायला पंधरा मिनिटं लागतात, म्हणजे ४५ मिनिटांचा स्लॉट, चार खोल्या असतील तर सहा स्लॉट, साडेचार तास. हे दोन्ही एकाच वेळी चालू असतं आणि मुलं तीच असतात, त्यामुळे एकीकडे उशीर झाला की दुसरीकडे धक्का बसणारच.

आणि उशीर सुरू होतो उद्घाटनापासून. नऊची वेळ दिलेली, पाहुणे पावणेदहाला, मग दीपप्रज्वलन, सत्कार, दोन भाषणं, पहिली मॅच सुटते साडेदहाला. जजिंग मात्र वरच्या मजल्यावर ठरल्या वेळी सुरू झालेलं असतं कारण खाली काय चाललंय ते त्यांना कुणी कळवलेलंच नसतं. एकदा मी रेफरी असताना एका टीमचा नंबर तीनदा पुकारला, कुणी आलं नाही, शून्य लिहायची वेळ आली तेवढ्यात दोन मुलं जिन्यावरून ट्रेमध्ये रोबोट घेऊन धापा टाकत आली. बाकीची अख्खी टीम वर जजसमोर प्रोजेक्ट सांगत होती. या दोघांनी पहिला रन नीट मारला, रोबोट बेसमध्ये, म्हणजे टेबलवरच्या सुरुवातीच्या जागेत, परत आला, पण पुढची अटॅचमेंट (रोबोटला लावायचा हात) बसवायचं काम वर असलेल्या मुलीचं होतं, तिच्याशिवाय ते कुणी कधी केलंच नव्हतं. एकाने दोनदा पिन दाबून बघितली, ती बसेना. उरलेला दीड मिनिट दोघं हातात अटॅचमेंट धरून घड्याळाकडे बघत उभे होते.

हे टाळायला फार काही लागत नाही. उद्घाटन दहा मिनिटांत संपवा, पाहुण्यांचा सत्कार बक्षीस समारंभात ठेवा, तेव्हा हॉल भरलेलाही असतो. एका टीमच्या दोन कामांमध्ये कमीत कमी वीस मिनिटं सोडा, जिना असेल तर जास्त. प्रत्येक राउंडनंतर पंधरा मिनिटं मुद्दाम रिकामी ठेवा आणि तिथे काहीही घुसवू नका, उशीर तिथेच भरून निघतो. खाली आणि वर एकेक माणूस फोनवर सतत जोडलेला हवा आणि वेळ बदलायचा अधिकार एकालाच हवा, नाहीतर तीन जण तीन वेळा सांगतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर अजिबात विसंबू नका, त्या गर्दीत नेटवर्क रडत असतं आणि ग्रुपवर मेंटॉर असतात, मुलं नसतात. त्यापेक्षा प्रत्येक टीमचं स्वतःचं टाइमटेबल मोठ्या अक्षरात छापून पिटमधल्या (टीम बसतात त्या जागेतल्या) त्यांच्या टेबलवर चिकटवा आणि दहा मिनिटं आधी टीमला शोधून आणणारी चार-पाच चुणचुणीत पोरं ठेवा, कॉलेजची असतील तर उत्तम.

मॅट आणि टेबल

स्पर्धेचं टेबल साधारण २.३६ मीटर बाय १.१४ मीटर असतं आणि त्यावर मॅट अंथरलेली. ही मॅट गुंडाळून येते आणि बऱ्याच ठिकाणी ती त्याच दिवशी सकाळी उघडतात. मग ती कडेला उचलली जाते, मध्ये फुगे राहतात. एका प्रॅक्टिस राउंडला एक मुलगा प्रत्येक वेळी प्रोग्राममधला टर्नचा आकडा बदलत होता, ९० चा ८७ केला, मग ९२ केला, रोबोट त्याच जागी डावीकडे खेचला जायचा. मी मॅटवर तळहात फिरवला तर बोटभर लांबीचा उंचवटा हाताला लागला, डोळ्याला दिसतही नव्हता. मुलाचा प्रोग्राम बरोबर होता, शाळेतल्या मॅटवर तो रोज चालत होता.

म्हणून मॅट आदल्या दिवशी दुपारीच उघडा, उलटी गुंडाळून थोडा वेळ ठेवा, मग पसरून रात्रभर पडू द्या, आणि सकाळी प्रत्येक टेबलवर हात फिरवून बघा. टेबल लेव्हलमध्ये आहे का ते सुताराकडच्या स्पिरिट लेव्हलने तपासा, शाळेच्या हॉलच्या फरश्या कधीच सरळ नसतात, पायाखाली पुठ्ठ्याच्या पट्ट्या घालाव्या लागतात. मॉडेल्स चिकटवायचं डुअल लॉक (वेल्क्रोसारखी पट्टी) सैल झालेलं असेल तर मॉडेल रोबोटच्या धक्क्याने सरकतं आणि मग रेफरी आणि मुलं दोघंही गोंधळात पडतात, त्यामुळे प्रत्येक मॉडेल हलवून बघायचं. प्रॅक्टिस टेबल आणि मॅचचं टेबल यात फरक नको हे सांगायलाच नको.

लाइटमुळे रोबोट आंधळा होतो

कलर सेन्सर मॅटवरून परत येणारा प्रकाश मोजतो. मुलांनी वर्गात ट्यूबलाइटखाली काळी-पांढरी रेघ ओळखायची व्हॅल्यू बसवलेली असते, आणि इथे वर स्टेजचे मोठे लाइट, बाजूच्या खिडकीतून ऊन, ते ऊन अकरा वाजता एका टेबलवर आणि एक वाजता दुसऱ्यावर. मग पहिल्या मॅचला रेघ पकडणारा रोबोट दुसऱ्या मॅचला सरळ भिंतीवर जातो आणि लोक म्हणतात प्रोग्राम चुकला. खिडक्यांना जाड पडदे किंवा काळं कापड लावा, सकाळी जो लाइट लावलाय तोच शेवटपर्यंत ठेवा, रंगीत लाइट फक्त बक्षीस समारंभाला, आणि फोटोग्राफरला फ्लॅश बंद करायला स्वतः जाऊन सांगा, बोर्ड लावून कुणी ऐकत नाही. टीमना मॅचच्या आधी त्याच टेबलवर सेन्सर कॅलिब्रेट करायची वेळ वेगळी दिली तर अर्ध्या तक्रारी तिथेच संपतात.

चार्जर, हब आणि अपडेट

२४ टीम म्हणजे २४ लॅपटॉप, २४ हब (रोबोटचा मेंदू असलेला डबा) चार्जिंगला आणि शिवाय फोन. एका एक्स्टेंशनला दुसरं एक्स्टेंशन जोडलं की एमसीबी पडतो, मग अख्खं पिट अंधारात. इलेक्ट्रिशियनला आदल्या दिवशी बोलवून दोन-तीन वेगळ्या लाइन काढून घ्या आणि तो स्पर्धेच्या दिवशी संपेपर्यंत हजर हवा, फोनवर नाही. हबची गोष्ट वेगळीच असते, ब्लूटूथवर वीस हब एकाच नावाने दिसतात आणि मुलं दुसऱ्याच टीमच्या हबला जोडायला जातात, म्हणून रजिस्ट्रेशनच्या मेलमध्येच लिहा की हबला टीम नंबरचं नाव द्या आणि प्रोग्राम टाकायला केबल आणा. ॲप आणि हबचं अपडेट आठवडाभर आधी करून घ्यायला सांगा, त्या दिवशी सकाळी अपडेट मागितलं तर इंटरनेट शोधण्यात राउंड जातो.

रेफरी आणि स्कोअर

आपल्याकडे रेफरी म्हणून इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं मिळतात आणि पुण्यात तर रोबोकॉनची, म्हणजे कॉलेजच्या रोबोट स्पर्धेची, मोठी परंपरा आहे, २००८ आणि २०१४ ची आंतरराष्ट्रीय एबीयू रोबोकॉन इथेच झाली, त्यामुळे रोबोट म्हणजे काय हे माहीत असलेली पोरं भरपूर आहेत. पण कॉलेजच्या स्पर्धेची सवय असलेला मुलगा दहा वर्षांच्या मुलासमोर उभा राहिला की आवाज चढतो, किंवा नियम त्याने कालच वाचलेला असतो. एक पूर्ण संध्याकाळ ट्रेनिंग ठेवा, टेबलवर मॉडेल्स मुद्दाम अर्धवट स्थितीत ठेवून सगळ्यांना स्कोअर करायला लावा, जिथे उत्तरं वेगळी येतील तिथे हेड रेफरीने निर्णय देऊन तो लिहून ठेवायचा. आणि शंका असेल तर फायदा टीमला, हे प्रत्येकाच्या डोक्यात पक्कं बसलं पाहिजे.

मॅच संपली की कुणीही टेबलला हात लावायच्या आधी रेफरीने मुलांबरोबर एकेक मिशन बघून टिक करायची, मुलांनी हो म्हटलं की मगच मॉडेल्स उचलायची. पालक आणि मेंटॉर दोरीच्या पलीकडे. मी एकदा बघितलं, टॅबवर २४५ च्या जागी २५४ गेलं होतं, दुपारी स्क्रीनवर आल्यावर दुसऱ्या टीमच्या मुलांनीच ते दाखवून दिलं कारण त्यांनी ती मॅच मोजली होती. तेव्हापासून मी म्हणतो की कागद आणि टॅब दोन्ही ठेवा, दुसऱ्या माणसाने ताडून बघायचं, आणि प्रत्येक राउंडनंतर स्कोअर लगेच लावायचे.

जजिंगची भाषा

हे कुणी बोलत नाही पण मला यात सगळ्यात जास्त वाईट वाटतं. तालुक्याच्या गावातून, मराठी माध्यमाच्या शाळेतून टीम येतात, खूप कष्ट करून येतात, आणि आत गेल्यावर पहिला प्रश्न इंग्लिशमध्ये. एका मुलीला रोबोटच्या हाताबद्दल विचारलं, ती दोन-तीन शब्द बोलून थांबली, खाली बघायला लागली. जज मॅडमच्या लक्षात आलं, त्या म्हणाल्या, बाळ, मराठीत सांग ना. तर ती पोरगी म्हणाली, "मॅडम, मोटरवर १२ दात्यांचं चाक आहे आणि हाताला ३६ दात्यांचं, मोटर तीनदा फिरली की हात एकदा फिरतो, म्हणून हळू उचलतो पण वजन पेलतो. आधी उलटं लावलं होतं तर नुसता झटका मारायचा." इतकं स्वच्छ उत्तर त्या दिवशी दुसऱ्या कुणी दिलं नव्हतं, आणि एक मिनिटापूर्वी तिच्या नावापुढे कमी मार्क पडणार होते. फॉर्मवर एक रकाना टाका, कुठल्या भाषेत बोलायला आवडेल, आणि प्रत्येक पॅनेलवर मराठी आणि हिंदी नीट समजणारा एक जज ठेवा, एवढंच लागतं.

संध्याकाळ

जेवण, पाणी, मुलींचं टॉयलेट, प्रथमोपचार पेटी, हे सगळं यादीत असतंच, फक्त जेवणाच्या रांगेत टीम त्यांच्या मॅचच्या वेळेप्रमाणे सोडा. बक्षीस समारंभ मात्र जास्त ताणू नका. सोलापूर-कोल्हापूरकडून आलेल्या टीमला परत जायचं असतं, शेवटची एसटी गाठायची असते, आणि सात वाजता संपणारा कार्यक्रम साडेआठपर्यंत चालला की निम्म्या टीम निकाल न ऐकता निघतात. सर्टिफिकेटवरची नावं रजिस्ट्रेशनच्या वेळीच मुलांकडून तपासून घ्या.

आणि रुब्रिकचा कागद त्याच दिवशी हातात द्या, नंतर मेल करतो म्हणू नका, तो मेल जात नाही. ज्या टीमला ट्रॉफी मिळत नाही तिच्याकडे परत जाताना तेवढंच असतं. ज्या वर्षी मी आयोजनात होतो तेव्हा आम्ही प्रत्येक टीमच्या नावाचं पाकीट करून गेटजवळच्या टेबलवर ठेवलं होतं, आत जजनी हाताने लिहिलेल्या दोन ओळी, काय आवडलं आणि पुढच्या वेळी काय करून बघा. सामान गाडीत टाकताना एका टीमची मुलं ते पाकीट बॉनेटवर ठेवून मोबाइलच्या टॉर्चमध्ये वाचत होती, सगळी डोकी एकत्र, आणि त्यांचे सर बाजूला उभे राहून गाडी सुटायची घाई न करता थांबले होते.