विंडोजच्या सिस्टिम फाइल्स करप्ट झाल्यात? फॉरमॅट मारायच्या आधी हे करून बघा

स्टार्ट मेन्यू उघडत नाही, अपडेट दर वेळी अर्ध्यावरून मागे फिरतं, सेटिंग्ज उघडली की लगेच बंद होते, असं व्हायला लागलं की लोक सरळ पीसी उचलून दुकानात नेतात आणि तिथे ऐकायला मिळतं की फॉरमॅट मारावा लागेल. एवढी घाई करू नका. विंडोज 10 आणि 11 मध्ये दुरुस्तीची सोय आतच असते, पैसे लागत नाहीत, फक्त क्रम नीट पाळायचा.

सगळ्यात आधी फोटो, कागदपत्रं, टॅलीचा डेटा जे काही असेल ते बाहेरच्या ड्राइव्हवर कॉपी करा. हे आधी का, तर फाइल्स खराब व्हायचं कारण कधीकधी हार्ड डिस्कच असते आणि मरायला टेकलेल्या डिस्कवर तासभर स्कॅन चालवलं तर ती तिथेच मान टाकू शकते. डिस्क कटकट आवाज करत असेल तर पुढचं काहीच करू नका, आधी डिस्क बदला.

आता सर्चमध्ये सीएमडी टाका, कमांड प्रॉम्प्टवर राइट क्लिक करून रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. साधं उघडलं तर पुढच्या कमांड चालणारच नाहीत. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा, नेट चालू हवं.

पहिली कमांड: डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ (DISM /Online /Cleanup-Image /RestoreHealth). अर्थात इंग्रजीत टाइप करायची, प्रत्येक स्लॅशच्या आधी एक स्पेस, रिस्टोअरहेल्थ हा जोडून एकच शब्द.

बरेच जण ही सोडून थेट दुसरी कमांड मारतात आणि मग म्हणतात काही फरक पडला नाही. झालंय काय, सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमध्ये विनएसएक्सएस नावाचं फोल्डर असतं, तिथे सिस्टिम फाइल्सचा मूळ साठा असतो, आणि खराब फाइल बदलायची तर चांगली फाइल तिथूनच येते. तो साठाच खराब असला तर बदलणार कशाने? डीआयएसएम आधी तो साठा दुरुस्त करतं, लागतील त्या फाइल्स विंडोज अपडेटवरून आणतं. (जागा वाचवायला हे फोल्डर हाताने डिलीट करायचे सल्ले फिरतात, चुकूनही करू नका.) टक्केवारी मध्येच बराच वेळ एका आकड्यावर थांबते, ते नॉर्मल आहे, खिडकी बंद करू नका.

ते पूर्ण झालं की दुसरी: एसएफसी /स्कॅननाउ (sfc /scannow). ही एकेक सिस्टिम फाइल तपासते आणि बिघडलेली बदलते. शेवटी मेसेज येतो तो नीट वाचा. गडबड सापडली नाही म्हणाली तर दोष दुसरीकडे आहे, ड्रायव्हर किंवा एखादं सॉफ्टवेअर बघा. दुरुस्त केलं म्हणाली तर रिस्टार्ट करा. काही फाइल्स जमल्या नाहीत म्हणाली तर रिस्टार्ट करून तीच कमांड परत चालवा, तरी नाही तर सेफ मोडमध्ये, म्हणजे गरजेपुरत्याच गोष्टींसह विंडोज चालू करून. कुठली फाइल अडली ते विंडोज, लॉग्स, सीबीएस या फोल्डरमधल्या सीबीएस लॉगमध्ये लिहिलेलं असतं.

आणि कुठली डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी फाइल) मिसिंग आहे म्हणून ती कुठल्यातरी साइटवरून डाउनलोड करून टाकायची, हे अजिबात नको. व्हर्जन जुळत नाही आणि व्हायरस घरात येतो.

डीआयएसएमलाच सोर्स फाइल्स सापडत नाहीत असा एरर आला तर माझ्या मते सरळ रिपेअर इन्स्टॉल करा, म्हणजे फाइल्स आणि अ‍ॅप्स तशाच ठेवून विंडोज परत टाका. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून तुमच्या विंडोजची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) घ्या, भाषा तीच ठेवा, डबल क्लिक करून आतलं सेटअप चालू विंडोजमधूनच चालवा, पेन ड्राइव्हवरून बूट करून नाही, नाहीतर फाइल्स आणि अ‍ॅप्स ठेवायचा पर्याय मिळत नाही. तो पर्याय निवडलाय ना हे इन्स्टॉल दाबायच्या आधी बघा. विंडोज 11 च्या नव्या व्हर्जन्समध्ये तर सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरीमध्येच विंडोज अपडेटमधून रिइन्स्टॉल करायचं बटण आहे, आयएसओ लागत नाही.

एवढं करूनही थोड्या दिवसांनी फाइल्स परत करप्ट झाल्या तर विंडोजला दोष देऊ नका. सर्चमध्ये विंडोज मेमरी डायग्नोस्टिक टाकून रॅम तपासा, क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये डिस्कची हेल्थ बघा, आणि डेस्कटॉप असेल आणि लाइट सारखी जात असेल तर यूपीएस घ्याच, कारण अपडेट चालू असताना वीज गेली की फाइल अर्धवट लिहिली जाते.