थारमध्ये फोटो काढायला जाताय? मग कॅमेरा थोडा उशिरा बाहेर काढा
जैसलमेरला गेलेले बहुतेक जण समच्या वाळूच्या टेकड्या गाठतात, उंटाची रांग आणि मावळता सूर्य काढतात आणि परत येतात. समला जा की, शहरापासून चाळीसेक किलोमीटर आहे, पण तिथे संध्याकाळी जीपा आणि गर्दीच जास्त असते, त्यापेक्षा खुडी गावाच्या बाजूला एखाद्या ढाणीजवळ, म्हणजे छोट्या वस्तीजवळ, दोन रात्री राहा. आणि थार म्हणजे नुसत्या टेकड्या नाहीत, खेजडीची झाडं, दगडाळ माळ, पाण्याच्या बेऱ्या म्हणजे छोट्या विहिरी, देवाच्या नावाने राखलेली रानं म्हणजे ओरणं, हे सगळं फोटोत आलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. थंडीत सूर्य सव्वासात-साडेसातला उगवतो, त्याआधी टेकडीवर पोचा, रात्रीच्या वाऱ्याने वाळूवर ताज्या लाटा उमटलेल्या असतात आणि तिरप्या उन्हात प्रत्येक लाटेची सावली वेगळी दिसते, भुंग्याच्या पावलांची बारीक रेघसुद्धा. चढताना कडेने चढा, नाहीतर फ्रेममध्ये तुमच्याच बुटांचे ठसे. उजळ वाळूमुळे कॅमेरा फसतो आणि फोटो काळपट येतो, म्हणून एक्सपोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवा, हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) बघत राहा. वारा असेल तर लेन्स बदलूच नका, दोन कॅमेरा बॉडी नसतील तर एक झूम लावून ठेवा. आत वाळू गेली तर ब्लोअर वापरा, तोंडाने फुंकू नका. रात्री बॅटऱ्या अंथरुणात घेऊन झोपा, थंडीत लवकर उतरतात.

आता माणसं. आधी "राम राम सा", मग चहा, मग गप्पा, आणि कॅमेरा त्यानंतर. घुंघटातल्या बाईचा फोटो लांबून टेली लेन्सने चोरून काढणं मला अजिबात पटत नाही, तिला आणि घरच्यांना विचारा, नाही म्हणाले तर विषय संपला. साफ्याखाली (फेट्याखाली) दुपारच्या उन्हात डोळे दिसतच नाहीत, म्हणून माणसाला झोपडीच्या दारात सावलीत बसवा, समोरच्या वाळूवरून परत येणारा उजेड चेहऱ्यावर छान पसरतो.

मांगणियार या गाणाऱ्या समाजातले कलाकार भेटले तर आधी ऐका. पिढ्यान्‌पिढ्या जजमानांच्या, म्हणजे आश्रयदात्यांच्या घरी जन्माला, लग्नाला गाणारी ही माणसं, त्यांचा 'कमायचा' म्हणजे गजाने वाजवायचं तंतुवाद्य, आंब्याच्या लाकडाचं, वर बकऱ्याचं कातडं, त्याचा गज धरलेल्या बोटांचा क्लोजअप घ्याच. गाणं झालं की मानधन द्या, ते मागायची वाट बघू नका, तो त्यांचा पेशा आहे.

ड्रोन घरीच ठेवा, सीमेचा जिल्हा आहे. सैन्याच्या गाड्या, चौक्या यांच्याकडे कॅमेरा वळवूच नका. आणि ज्यांचे फोटो काढलेत त्यांचा गावचा पत्ता, पिनकोड तिथेच लिहून घ्या, घरी आल्यावर प्रिंट काढून पोस्टाने पाठवा, व्हॉट्सअ‍ॅप सगळ्यांकडे नसतं आणि म्हाताऱ्या माणसांना हातात धरायचा फोटोच हवा असतो.